ह्लुह्लुवे-इम्फोलोझीत स्वयंसेवक म्हणून: चिमूर तालुक्यातल्या एका मास्तराचा अभिप्राय

ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या कोलारा गेटपासून जवळच्या एका गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतो. ताडोब्याच्या बफरमध्ये, म्हणजे मुख्य जंगलाभोवतीच्या पट्ट्यात, राहणाऱ्या माणसाने जंगलासाठी दोन लाखांच्या वर खर्च करून दक्षिण आफ्रिकेत कशाला जावं, हे गावात सगळ्यांनी विचारलं. माझं उत्तर एकच होतं. प्राणी आपल्याकडे रोज दिसतात, पण त्यांची रोजची नोंद कशी ठेवतात ते मला हाताने करून शिकायचं होतं. त्या बाबतीत पैसे वसूल झाले.

उद्यानात काम लावून देणाऱ्या संस्था बदलत राहतात, म्हणून संस्थेचं नाव न घेता कामाबद्दलच लिहितो. ह्लुह्लुवे-इम्फोलोझी क्वाझुलु-नाताल प्रांतात आहे. १८९५ साली राखीव झालेलं, आफ्रिकेतल्या सगळ्यात जुन्या राखीव जंगलांपैकी एक. क्षेत्रफळ साधारण ९६० चौरस किलोमीटर, म्हणजे ताडोब्याच्या कोअरपेक्षा मोठं, आणि चारी बाजूंनी विजेचं कुंपण. आज जगात जे दक्षिणी पांढरे गेंडे आहेत ते जवळपास सगळे इथल्या उरल्यासुरल्या कळपाचे वंशज. १९६०च्या दशकात इथूनच ते पकडून दुसऱ्या जंगलांत नेऊन सोडले.

आमच्याकडे मुख्य काम आफ्रिकन रानकुत्र्यांचं होतं. हे सगळ्या आफ्रिकेत मिळून साडेसहा हजारांच्या आसपासच उरलेत. या उद्यानातून ते नाहीसे झाले होते, १९८०च्या सुमारास पुन्हा आणून सोडले. टोळीतल्या एखाद-दुसऱ्याच्या गळ्यात सिग्नल पाठवणारी रेडिओ कॉलर असते. पहाटे चारला उठायचं, उघड्या पिकअपच्या मागच्या बाकड्यावर बसायचं आणि टेकडीवर जाऊन अँटेना डोक्यावर धरून हळूहळू गोल फिरायचं. ज्या दिशेला टिकटिक सगळ्यात मोठी येते, तो कोन होकायंत्रावर पाहून लिहायचा. मग दुसऱ्या टेकडीवर तेच. नकाशावर दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे गाडी न्यायची. मे महिन्यात तिथे थंडी सुरू होते. इकडे चिमूरला ऊन पंचेचाळीसवर असताना मी तिकडे स्वेटर, कानटोपी घालून कुडकुडत होतो.

खरी गोष्ट आता सांगतो. एका पहाटे तिन्ही टेकड्यांवर काहीच ऐकू आलं नाही. मी वही मिटून ठेवली. आमच्या मॉनिटरने, म्हणजे कुत्र्यांवर नजर ठेवून आम्हाला काम शिकवणाऱ्या तिथल्याच झुलू तरुणाने, ती परत उघडायला लावली. किती वाजता, कुठल्या टेकडीवरून, किती वेळ ऐकलं, वारा कसा होता आणि ‘सिग्नल नाही’, हे सगळं लिहून घेतलं. तेव्हाच गाडी पुढे निघाली. टोळी एका भागात आहे हे जितकं कामाचं, तितकंच ती तिथे नाही हेही. हे सलग महिनोनमहिने लिहिलं गेलं तरच टोळीचा टापू बदलला, की कुत्री कुंपणाखालून बाहेर गेली, की कॉलर बंद पडली, ते कळतं. आपल्याकडे सायटिंग झालं नाही की पर्यटक जिप्सीवाल्यावर तोंड टाकतो आणि तो दिवस वाया गेला असं धरलं जातं. बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसणाऱ्यांचंही तेच, रात्रभर वाघ आला नाही की सकाळी चेहरे पडलेले. ही एक सवय मी तिथून शाळेत आणली. आता मुलं शाळेमागच्या बोडीवर, म्हणजे लहान तळ्यावर, पाखरांची नोंद करतात तेव्हा रिकाम्या दिवसाचीही ओळ भरतात.

टोळी सापडते तेव्हाचं कामही मन लावून करावं लागतं. आम्हाला ती एका कोरड्या नाल्याच्या काठी सावलीत पडलेली दिसली. आधी वास आला, उग्र आणि कुबट. मग ती उठून एकमेकांच्या तोंडाला तोंड लावत आवाज करू लागली. आपल्या कोळसुनाची, म्हणजे इकडच्या रानकुत्र्याची, शीळ मला पाठ आहे, पण ही तर पाखरांसारखी चिवचिवतात! प्रत्येकाच्या अंगावरचे काळे-पिवळे-पांढरे डाग वेगळे असतात, आणि डाव्या अंगाचे उजव्याशी जुळत नाहीत, आपल्या वाघाच्या पट्ट्यांसारखंच. म्हणून फाइलमध्ये प्रत्येकाचे दोन्ही बाजूंचे फोटो. मला एक मादी ओळखायची होती. उजव्या कानाची कड फाटलेली, डाव्या खांद्यावर मोठा पांढरा डाग, शेपटीचा गोंडा अर्धाच पांढरा. दुर्बीण आणि फाइल यांत आळीपाळीने पाहत ती जुळवली, तेव्हा मॉनिटरने मान हलवली आणि तिच्या नावापुढे ‘पोट भरलेलं, जखम नाही’ असं लिहिलं. जखम रोज पाहावी लागते, कारण गवतात लावलेल्या तारेच्या फासात ही कुत्री अडकतात, आणि लवकर दिसलं तर डॉक्टरला बोलावून तार काढता येते. चंद्रपूर जिल्ह्यात रानडुकरांसाठी लावलेल्या तारांनी वाघ मेल्याच्या बातम्या वाचणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

गेंड्यांच्या बाबतीत संस्था फार कडक आहे आणि ते योग्यच आहे. २०२३ साली या एका उद्यानात ३०७ गेंडे शिकाऱ्यांनी मारले. त्यानंतर २०२४ पासून शिंगं कापायची मोहीम सुरू झाली. शिकाऱ्यांना माग लागू नये म्हणून फोनचं लोकेशन बंद ठेवायचं आणि गेंडा कुठे दिसला ते घरीसुद्धा सांगायचं नाही.

आता खटकलेलं. काम शिकवणारा स्थानिक, पण पैसे भरून आलेल्यांत सगळे युरोपातले आणि एकटा मी. कुंपणाला लागून झुलू गावं आहेत, तिथला एकही मुलगा-मुलगी आमच्या तुकडीत नव्हती. आमच्या शुल्कातून दर तुकडीत एक जागा त्या गावांसाठी ठेवावी, असं मी जाताना लेखी दिलं. दुसरं म्हणजे सकाळी दहा ते दुपारी तीन काहीच काम नसतं. तो वेळ कॅमेरा ट्रॅपचे, म्हणजे जंगलात आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांचे, फोटो नीट वेगळे करून लावण्यात गेला असता तर बरं झालं असतं. स्वयंपाक पाळीपाळीने करायचा असतो. शाकाहारी असाल तर तिखट, बेसन, डाळी घरूनच न्या. माझं पिठलं मात्र सगळ्यांनी पुसून खाल्लं.

नोंदणी थेट संस्थेकडे करा. एका एजंटने मला त्याच जागेसाठी बराच जास्त आकडा सांगितला होता. आणि सिंहाचे बछडे कुशीत घ्यायला देणारा, बाटलीने दूध पाजायला लावणारा कार्यक्रम कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका. त्या बछड्यांना आईपासून तोडलेलं असतं, आणि असे पाळीव वाढवलेले सिंह पुढे कुंपणातल्या शिकारीसाठी विकले गेले आहेत. २०२१ साली तिथल्या सरकारने हा धंदा बंद करण्याचं धोरण जाहीर केलं. खरं संशोधन असेल तिथे प्राण्याला हात लावायला मिळत नाही, हीच पारख.

व्हिसा कुठल्या प्रकारचा लागेल ते संस्थेकडून लेखी घ्या. विमान नैरोबी किंवा अदीस अबाबावरून असेल तर पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र जवळ ठेवा. लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते लागू होतं, तेव्हा शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. शिक्षकांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. परदेशी जायची परवानगी पंचायत समितीतून वर जाऊन परत यायला महिने लागतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत जायचं तर अर्ज दिवाळीलाच टाका.