ठाणे-वाशीत चांदीची नाणी: घेण्याआधी मोडीचा भाव विचारा

गोखले रोड आणि राम मारुती रोडवरची मोठी दालनं, जांभळी नाक्याच्या बाजारपेठेतल्या पेढ्या, खाडीपलीकडे वाशीचं सेक्टर 17. चोख चांदीचं 10 ग्रॅमचं नाणं या सगळीकडे मिळतं, पण किंमत दुकानागणिक बदलते. चांदीचा भाव तोच असतो, बदलते ती घडणावळ, म्हणजे घडवण्याची मजुरी. त्याहून मोठा फरक नाणं परत देताना पडतो आणि तो कुठल्याच काचेवर लिहिलेला नसतो. म्हणून गुंतवणुकीसाठी पहिल्यांदा चांदी घेणाऱ्याने काउंटरवर आधी हे विचारावं: "हेच नाणं मोडायला आणलं तर आजच्या भावात किती कापाल? रोख देता की बदल्यात दागिनाच घ्यावा लागतो?" उत्तर गुळमुळीत आलं तर पुढची पेढी गाठावी.

हिशोब सोपा जावा म्हणून भाव किलोला 1 लाख धरू. प्रत्यक्षातला भाव त्या दिवशी पाहून घ्यावा. लक्ष्मी-गणपती छापाच्या 10 ग्रॅम नाण्यात 1,000 रुपयांची चांदी. घडणावळ 15 टक्के असेल तर 1,150, त्यावर 3 टक्के जीएसटी, म्हणजे हातात बिल 1,184 रुपये 50 पैसे. मोडताना 5 टक्के कापले तर मिळतात 950. भाव जवळपास 25 टक्के चढेपर्यंत हे नाणं तोट्यातच. आता 100 ग्रॅमची साधी, बिनछापाची लगड (चांदीची पट्टी) घ्या. घडणावळ 4 टक्के आणि मोडीची कपात 2 टक्के धरली तर करासह 10,712 रुपये जातात आणि 9,800 परत येतात. इथे 9 टक्क्यांच्या थोड्या वर बरोबरी होते. हे टक्के उदाहरणापुरते आहेत. आपल्या पेढीचे दोन आकडे यात घालावेत, निर्णय आपोआप होतो. जीएसटीचे 3 टक्के मात्र कुठेही घ्या, गेलेच. विकताना ते परत मिळत नाहीत.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. देवाचं चित्र, रंगीत मुलामा, मखमली डबी असलेलं नाणं बारशाला किंवा मुंजीला द्यावं, गुंतवणूक म्हणून घेऊ नये. डबीचे पैसे मोडीत कोणी देत नाही. 5-10 ग्रॅमची दहा नाणी घेण्यापेक्षा 50 किंवा 100 ग्रॅमचा एक साधा नग बरा, कारण लहान नगावर घडणावळीची टक्केवारी जास्त बसते.

सीलबंद नाण्यांमध्ये एमएमटीसी-पॅम्पचं नाव आधी येतं. सरकारी एमएमटीसी आणि स्वित्झर्लंडची पॅम्प यांची ही संयुक्त कंपनी, शुद्धता 999.9 (हजारात इतके भाग चांदी), पाकिटावर क्रमांक आणि प्रमाणपत्र. किंमत साध्या नाण्यापेक्षा जास्त असते, पण शुद्धतेवरून वाद होत नाही. पाकीट फाडलं की हा फायदा गेला, त्यामुळे पूजेच्या ताटात ठेवायचं नाणं वेगळं घ्यावं. पेढीचं स्वतःच्या छापाचं 999 नाणं स्वस्त पडतं आणि त्याच पेढीत सहसा नीट मोडलं जातं. दुसऱ्या सराफाकडे नेलं की तो टंच काढल्याशिवाय, म्हणजे शुद्धता तपासल्याशिवाय भाव बोलत नाही, कधी आटणीची (वितळवतानाची) घटही धरतो. बँकेतून नाणं घेण्यात तर गुंतवणुकीच्या दृष्टीने अर्थच नाही: बँक विकते, परत घेत नाही.

राणीछाप, म्हणजे ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया हा वेगळाच विषय. व्हिक्टोरिया, एडवर्ड आणि पंचम जॉर्जचे रुपये 11.66 ग्रॅमचे, त्यात 91.7 टक्के चांदी, म्हणजे शुद्ध चांदी सुमारे 10.7 ग्रॅम. 1940 पासूनच्या रुपयात चांदी निम्म्यावर आली आणि 1947 चा रुपया निकेलचा. चांदीच्या भावात मिळाले तर जुने रुपये वाईट नाहीत, पण बाजारात नकली इतके आहेत की नवख्याने या वाटेला जाऊ नये. कडेच्या आऱ्या (बारीक खाचा) असमान, अक्षरं बोथट, वजन 11.4 ग्रॅमच्याही खाली, यातलं काहीही दिसलं तर ठेवून द्यावा.

तपासणीबद्दल थोडं सविस्तर, कारण इथेच लोक फसतात. दुकानात नाणं प्लास्टिकच्या डबीतून काढून वजन करायला सांगा आणि काट्यावर वजनमापे विभागाचा चालू वर्षाचा शिक्का आहे का ते पाहा. टंच दाखवणारं एक्स-रे यंत्र पृष्ठभागाचा पातळ थरच वाचतं. आत तांबं आणि वर जाड मुलामा असेल तर ते यंत्रही चकतं. घरी पाण्याची चाचणी करता येते. 0.01 ग्रॅम दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा, नग दोऱ्याने पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. काटा जे वजन दाखवेल त्याने नगाच्या वजनाला भागा. चांदीसाठी उत्तर 10.5 च्या आसपास यायला हवं. 100 ग्रॅमच्या लगडीला काटा साधारण 9.5 ग्रॅम दाखवेल, ती तांब्याची असेल तर 11 च्या वर. जर्मन सिल्व्हरही असंच पकडलं जातं. नावात सिल्व्हर असलं तरी ते तांबं, निकेल आणि जस्ताचं मिश्रण, चांदी औषधालाही नाही. नगावर बुडबुडे चिकटले की उत्तर चुकतं, म्हणून पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकावा. लोहचुंबक लावून "चिकटत नाही, म्हणजे चांदी" म्हणणाऱ्याकडे दुर्लक्ष करा. तांबंही चिकटत नाही.

चांदीचा हॉलमार्क अजून ऐच्छिक आहे. 1 सप्टेंबर 2025 पासून चांदीलाही सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक नगाचा वेगळा ओळख क्रमांक देण्याची सोय झाली. नगावर तो असेल तर भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर दुकानातच तपासावा.

भाव तपासायला इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशनचे दर पाहावेत. ते 999 चांदीचे, किलोमागे, जीएसटी आणि घडणावळ सोडून असतात. शनिवार-रविवारी ते जाहीर होत नाहीत. धनत्रयोदशी, अक्षय्य तृतीया, गुरुपुष्यामृत या दिवशी मुहूर्ताचं एखादं नाणं घ्यावं, साठा करू नये: गर्दीत घडणावळीवर घासाघीस होत नाही आणि वजन नीट पाहायलाही मिळत नाही. पितृपक्षातल्या एखाद्या मंगळवारी दुपारी हाच सराफ निवांत बसून दोन टक्के सोडतो. अर्धा-एक किलो घ्यायची असेल तर लोकलने मशीद बंदरला उतरून झवेरी बाजार गाठणं परवडतं. 50 ग्रॅमसाठी तो खटाटोप करू नये.

बिल पक्कंच घ्यावं. त्यावर वजन, शुद्धता, दर, घडणावळ आणि जीएसटी वेगवेगळे लिहिलेले हवेत. "बिल नको असेल तर तीन टक्के वाचतील" हे वाक्य ऐकायला गोड, पण मोडताना बिलाशिवाय खरेदीची किंमत आणि तारीख सिद्ध होत नाही. 24 महिन्यांहून जास्त ठेवलेल्या चांदीच्या नफ्यावर 12.5 टक्के कर लागतो, त्याआधी विकली तर नफा उत्पन्नात मिळवून आपल्या आयकराच्या टप्प्याप्रमाणे. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घेणं दुकानदाराला कायद्याने चालत नाही, त्यामुळे मोठी खरेदी धनादेशाने किंवा ऑनलाइन.

लगड स्वस्त पडते हे खरं, पण नाण्याची एक बाजू जमेची आहे. रिझर्व्ह बँकेच्या 1 एप्रिल 2026 पासूनच्या नियमांत चांदीच्या नाण्यांवर कर्जाची मुभा आहे, एका कर्जदाराला 500 ग्रॅमपर्यंत. विटेवर किंवा लगडीवर ती नाही. अडीनडीला गहाण टाकायचा विचार असेल तर सगळा पैसा लगडीत घालू नये.

खाडीकाठच्या दमट हवेत चांदी लवकर काळवंडते. हवेतल्या गंधकाची ती करामत, शुद्धता त्याने कमी होत नाही. प्रत्येक नग साध्या पॉलिथिनच्या झिप पिशवीत, सोबत सिलिका जेलची पुडी. रबरबँड, लोकरी कापड आणि वर्तमानपत्राचा कागद जवळ नको, यांतही गंधक असतं. टूथपेस्टने घासून चमकवायच्या भानगडीत पडू नये, प्रत्येक घासणीत थोडी चांदी जाते आणि छापाची धार बोथट होते. काळं नाणं सराफ त्याच भावाने घेतो.