मॉडेल टी चालवायची असेल तर आधी रॉकी माउंटन ब्रेक बसवा

निकाल आधीच सांगून टाकतो. फोर्ड मॉडेल टी, म्हणजे फोर्डची शंभर वर्षांपूर्वीची मोटार, नुसती गॅरेजात झाकून ठेवायची नसेल, रस्त्यावर काढायची असेल, तर रंग, हूड, सीटचं कातडं या कशावरही खर्च करण्याआधी मागच्या चाकांना जादाचे ब्रेक बसवून घ्या. माझ्या १९२४ च्या टूरिंगला (उघड्या बॉडीच्या मॉडेल टीला) मी रॉकी माउंटन पद्धतीचे ब्रेक बसवले. जुन्या नमुन्यावरून आज नव्याने तयार होणारा किट. या गाडीवर मी आजवर जे जे पैसे घातले, त्यातले हे सर्वांत सत्कारणी लागले.

आम्ही राहतो कोलोरॅडोत, डेन्व्हरच्या पश्चिमेला. घरातून निघालं की अर्ध्या तासात डोंगर सुरू. गोल्डन गावावर लुकआउट माउंटन आहे, माथ्यावर बफेलो बिलची कबर. तिथून खाली गावात यायचं म्हणजे वळणावळणाचा सुमारे सतराशे फुटांचा उतार. असा रस्ता शेजारी असताना ब्रेकचा विषय उद्यावर ढकलता येत नाही.

ज्यांनी ही गाडी चालवलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहितो, कारण बाकी सगळं यावर अवलंबून आहे. मॉडेल टीला पायाशी तीन पेडल. डावं क्लचचं, मधलं रिव्हर्सचं, उजवं ब्रेकचं. उजवं पेडल दाबलं की चाकापाशी काहीच हलत नाही. इंजिनामागे गिअरच्या पेटीत तेलात फिरणारा एक ड्रम आहे, त्याच्याभोवतीचा पट्टा आवळला जातो. ड्रम थांबला की ड्राइव्ह शाफ्ट थांबतो, शाफ्टमुळे पिनियन (टोकाचं छोटं दातेरी चाक), पिनियनमुळे क्राउन (त्यात अडकणारं मोठं दातेरी चाक), मग डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी), मग दोन्ही अ‍ॅक्सल, आणि सगळ्यात शेवटी चाकं. पुढच्या चाकांना ब्रेकच नाही. चारही चाकांना ब्रेक फोर्डने १९२८ च्या मॉडेल एला दिले, तोवर दीड कोटीहून जास्त मॉडेल टी बनून गेल्या होत्या.

आता ही साखळी मध्ये कुठेही तुटली असं समजा. युनिव्हर्सल जॉइंटची पिन गेली, पिनियनची चावी (त्याला शाफ्टवर घट्ट धरणारा लोखंडी तुकडा) कापली गेली, एका बाजूचा अ‍ॅक्सल तुटला. गिअरच्या पेटीतला पट्टा शाबूत, पेडलही कडक लागतंय, आणि गाडी मात्र मोकळी सुटलेली. एकच अ‍ॅक्सल तुटला तरी डिफरन्शियल दुसऱ्या चाकाला खुशाल फिरू देतं. इंजिनाचा अटकावही त्याच क्षणी जातो. रिव्हर्सचं पेडल दाबून गाडी थांबवता येते असं जुने लोक सांगतात आणि ते खरंही आहे, पण तोही रस्ता त्याच शाफ्टवरून जातो. उरतो हँडब्रेक. तो थेट मागच्या चाकांत लागतो, पण माझ्या गाडीच्या काळातला तो ड्रम आठ इंचांचा, आत बिडाचे शू, त्यावर लायनिंगसुद्धा (पकड देणारं अस्तर) नाही. उभी गाडी जागेवर धरायला तो ठीक. उतारावर सुटलेली सातशे किलोची गाडी त्याच्या भरवशावर सोडायची माझी तयारी नाही.

साखळी तुटते ती बहुतेकदा कुठे, हेही सांगतो. मागच्या अ‍ॅक्सलमध्ये डिफरन्शियलच्या दोन्ही बाजूंना बॅबिट या मऊ मिश्रधातूचे थ्रस्ट वॉशर (बाजूचा दाब झेलणाऱ्या चकत्या) असतात. शंभर वर्षांत हा धातू ठिसूळ होतो आणि त्याचा चुरा पडतो. वॉशर गेला की क्राउन पिनियनपासून लांब सरकतो, दाते सुटतात, ब्रेक शून्य. माझी गाडी विकणाऱ्याने ‘अ‍ॅक्सल पूर्ण नवा केलाय’ असं सांगितलं होतं, एका गॅरेजचं बिलही दाखवलं होतं. मी अ‍ॅक्सल उघडला तेव्हा तळाशी ग्रीसमध्ये करड्या धातूचे तुकडे मिसळलेले होते आणि वॉशर अर्धे खाल्लेले. त्या बिलावर सह्या करणाऱ्यांना त्या गाडीत कोण बसणार आहे याचं काहीच वाटलं नाही, याचा मला अजून राग येतो. म्हणून सांगतो: नवे ब्रेक बसवण्याआधी अ‍ॅक्सल खोला आणि बॅबिट काढून कांस्याचे वॉशर घाला. कुणाच्या तोंडच्या शब्दावर जाऊ नका.

आता किटबद्दल. तत्त्व अगदी साधं. ड्रम तोच, हँडब्रेकचा. त्याच्या आत हँडब्रेकचे शू जसेच्या तसे राहतात. बाहेरून एक लायनिंग लावलेला पोलादी पट्टा ड्रमला वेढतो. हे पट्टे ब्रेकच्याच पेडलला सळयांनी जोडायचे आणि मध्ये इक्वलायझर बसवायचा, म्हणजे डाव्या-उजव्या चाकावर सारखी ओढ येते. गाडीच्या मूळ भागाला भोक पाडावं लागत नाही. उद्या कुणाला काढून टाकावंसं वाटलं तर गाडी होती तशी परत मिळते. जुन्या गाडीच्या बाबतीत ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

मालाचा दर्जा उत्तम. पट्टे गोल, वेल्डिंग स्वच्छ, पिना घट्ट, लायनिंग सगळीकडे सारख्या जाडीचं. सोबत आलेला सूचनांचा कागद मात्र अगदीच तोकडा. आकृत्या अस्पष्ट, आणि सगळ्यात नाजूक काम, म्हणजे पट्टा आणि ड्रम यांच्यातली फट जमवणं, दोन ओळींत उरकलेलं. शिपिंग धरून बिल हजार डॉलरच्या उंबरठ्यावर जात असेल तर चार पानं नीट छापून द्यायला हवीत.

बसवताना वेळ जातो तो ड्रमवर. चाक पुलर लावून काढा, टेपर आणि चावी तपासा, सगळं परत चढवा. मग गाडी जॅकवर ठेवून चाक हाताने हळू फिरवा आणि पट्ट्याला कान लावा. माझं उजवं चाक निःशब्द फिरलं. डावं दर फेऱ्याला एका ठिकाणी खर्र करून घासायचं आणि पुढे सुटायचं. एक ठोकळा ठेवून त्यावर खडू धरला, चाक फिरवलं, तर ड्रमच्या एका बाजूलाच पांढरा पट्टा उमटला, जेमतेम वीतभर. म्हणजे ड्रम गोल राहिलेला नाही. अशा वेळी पट्टा सैल करून घासणं बंद पाडायचा मोह होतो. तसं केलं की पेडल खोल जातं, आणि ब्रेक लागतो तोही झटक्याझटक्याने. ड्रमचा पत्रा पातळ असतो, लेथवर फार खाऊन चालत नाही. मी चांगल्या अवस्थेतला दुसरा जुना ड्रम मिळवला. तो चाकाच्या लाकडी आऱ्यांतून जाणाऱ्या हबच्या बोल्टांनीच धरलेला असतो, म्हणून नट कसून झाल्यावर बोल्टची टोकं हातोडीने ठेचून बंद केली. हे ठेचणं विसरू नका. लाकूड आकसतं आणि नट सैल होतात.

जुळवणी मी अशी ठेवली आहे. पेडल दाबलं की आधी चाकांवरचे पट्टे धरतात, आणखी थोडं दाबलं की गिअरच्या पेटीतला मूळ पट्टा लागतो. रोजचं काम बाहेरचे पट्टे करतात, मूळ ब्रेक पाठीशी उभा. यात दुहेरी फायदा आहे. एक तर शाफ्ट आणि पिनियनवर ब्रेकचा ताण येत नाही. दुसरं, पेटीतल्या पट्ट्याचं सुती लायनिंग झिजून त्याचा भुगा तेलाच्या नळीत अडकायचा, ते कमी होतं. एवढं बघा की पूर्ण दाबलेलं पेडल पायाखालच्या फळीला टेकत नाही.

आणि रस्त्यावर? पहिला फरक जाणवतो तो शांतपणाचा. मूळ ब्रेकने गाडी थांबवताना अख्खा सांगाडा कण्हल्यासारखा आवाज करायचा, पेडलखाली कंप यायचा. आता गाडी पाटावर बसावी तशी बसते. लुकआउट माउंटन उतरताना मी अजूनही लो गिअरच धरतो. माझे काका साताऱ्याला एसटीत मेकॅनिक होते. खंबाटकीचा घाट ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर, हे त्यांनी मला मोटार शिकवायच्याही आधी शिकवलं होतं. इथल्याच पाइक्स पीक या उंच डोंगरावरून उतरताना वाटेतल्या ग्लेन कोव्हला रेंजर आजच्या गाड्यांच्याही ब्रेकचं तापमान मोजतात, ते उगीच नाही. इंजिनने गाडी अडवायची आणि ब्रेकने वळणापुरती कमी करायची. पण इंजिनाचा आधार गेलाच तर पायाखाली चाकापर्यंत थेट जाणारं काहीतरी आहे, हे माहीत असलं की हात स्टिअरिंगवर सैल पडतात. माझी बायको पूर्वी या उतारावर बसायला तयार नसायची. आता तीच रविवारी विचारते, आज काढायची का गाडी.

उणिवाही सांगायला हव्यात. पट्टे उघडे असल्यामुळे पावसात पकड कमी होते. ओल्या रस्त्यावर अंतर भरपूर ठेवा. दुसरं, पट्ट्याची रचना अशी की गाडी पुढे जात असताना ड्रमच पट्ट्याला स्वतःकडे ओढून घेतो आणि पकड वाढते. गाडी मागे घरंगळू लागली की हे उलटं होतं, ब्रेक लंगडा पडतो. चढावर थांबताना मूळ ब्रेकपर्यंत पेडल दाबा आणि हँडब्रेक ओढा. तिसरं, मागच्या अ‍ॅक्सलच्या टोकाकडून तेल गळत असेल तर आधी ते बंद करा. लायनिंगला तेल लागलं की सगळा खर्च पाण्यात. आणि टायर शेवटी अरुंद क्लिंचरच (रिमच्या कडेत अडकणारे जुन्या पद्धतीचे), ब्रेकही मागेच. जोरात दाबलं तर चाकं अडकून गाडी घसरते. हे ब्रेक लावून ताशी ४५ मैलांनी आजच्या गाड्यांच्या मागे लागायचं असेल तर कृपा करून लावूच नका.

हायड्रॉलिक डिस्क ब्रेकचे किटही मॉडेल टीसाठी मिळतात. ते जास्त चांगले थांबवतात, यात शंका नाही. मला लाकडी आऱ्यांच्या मागे ती चकती बघवत नाही, आणि १९२० च्या दशकात गाडीच्या मालकाने जे दुकानातून आणून लावलं असतं तेच माझ्या गाडीवर असावं असं मला वाटतं. डोंगरात रोज जाणाऱ्याने डिस्कचा विचार केला तर मी त्याला नावं ठेवणार नाही.

ज्यांच्या गाडीला रकस्टेलचा दोन गिअरचा मागचा अ‍ॅक्सल आहे त्यांच्यासाठी मात्र ही निवड उरतच नाही. रकस्टेलचा गिअर बदलताना मध्येच अडकला तर अ‍ॅक्सल न्यूट्रलमध्ये जातो, काहीही न तुटता. इंजिनही सुटतं आणि पायाचा मूळ ब्रेकही. अशी गाडी चाकांवरच्या ब्रेकशिवाय घराबाहेर काढू नये, आणि कुणी विकायला आणली असेल तर ट्रायल घेण्याआधी खाली वाकून मागचे ड्रम बघावेत.

ऑर्डर देताना गाडीचं साल नक्की सांगा. १९२५ पर्यंतच्या गाड्यांचा ड्रम आठ इंची, १९२६-२७ चा अकरा इंची, आणि दोघांचे किट वेगळे. पण आधीच्या कुठल्या मालकाने अ‍ॅक्सल बदललेला असू शकतो, म्हणून कागदावरच्या सालावर न जाता टेप लावून मोजा. बसवून झाल्यावर पहिल्या फेरफटक्यानंतर हबचे नट पुन्हा कसा, स्प्लिट पिन नवी घाला, आणि लायनिंग ड्रमवर बसेपर्यंत सपाट रस्त्यावरच फिरा.