शब्द पिसायचे की चौकटी?

गारकोव्ह ही वेबसाइट आणि 'सायनाइड अँड हॅपिनेस' या वेबकॉमिकचा रँडम कॉमिक जनरेटर, दोन्हीकडे बटण दाबलं की नवी चित्रपट्टी तयार. पण फासा पडतो तो वेगवेगळ्या जागी.

गारकोव्हमध्ये गारफिल्ड या बोक्याच्या चित्रपट्टीतली चित्रं तशीच राहतात, बदलतात ते फुग्यांतले शब्द. मूळ संवादांत कुठल्या शब्दामागून काय येतं, त्यावरून पुढचा शब्द निवडला जातो. हीच मार्कोव्ह साखळी. रशियन गणितज्ञ आंद्रेई मार्कोव्हने १९१३ साली पुश्किनच्या काव्यातली २०,००० अक्षरं तपासून ती भाषेला लावून पाहिली होती. वाक्य नीट सुरू होतं, मध्येच भरकटतं, आणि गारफिल्डचा मालक जॉन आपला त्याच चेहऱ्याने बोलत राहतो.

दुसऱ्यात शब्दांना हात लागत नाही. तयार चौकटींतल्या तीन उचलून शेजारी मांडल्या जातात. गोल डोकी, काडीसारखे हातपाय, मागे सपाट रंग; सगळं इतकं सारखं की सांधा सहसा दिसतच नाही. याच कल्पनेतून २०१६ मध्ये 'जोकिंग हॅझर्ड' हा पत्त्यांचा खेळ निघाला.

मला दुसरा जास्त जवळचा. दोन चौकटींमधल्या कोऱ्या फटीत काय घडलं ते आपलं डोकंच रचतं, खरी गोष्ट तिथे जन्मते. गारकोव्हची गंमत मात्र गारफिल्ड वाचलेल्यालाच पुरती कळते.