लाईफ-३६५: फुकट आहे, चांगलं आहे, पण शेवटचा आकडा तसाच रिपोर्टमध्ये टाकू नका

खाऱ्या पाण्यातलं किंवा मिठाचा मारा सोसणारं आरसीसी किती वर्षं टिकेल याचा हिशोब करायचा असेल तर सुरुवात लाईफ-३६५ या सॉफ्टवेअरपासूनच करा असं मी सगळ्यांना सांगतो. पहिलं व्हर्जन २००० मध्ये आलं, तेव्हापासून फुकट आहे, आणि कव्हर (सळईवरच्या काँक्रीटची जाडी), वॉटर-सिमेंट रेशो, फ्लाय ॲश, स्लॅग, सिलिका फ्यूम (काही सिमेंटच्या जागी घालतात त्या पावडरी), तापमान एवढं भरलं की सळईपर्यंत मिठातलं, गंज आणणारं क्लोराईड कधी पोचणार ते ग्राफसकट समोर येतं, वर दुरुस्तीचा खर्च धरून लाइफ सायकल कॉस्ट, म्हणजे आयुष्यभराचा एकूण खर्चसुद्धा.

आत फिकचा दुसरा नियम आहे (पदार्थ हळूहळू कसा आत पसरतो त्याचं गणित), पण मजा आहे ती डिफ्यूजन, म्हणजे क्लोराईड आत झिरपण्याचा वेग, काँक्रीटच्या वयाप्रमाणे कमी करत नेण्यात, त्यासाठी एम नावाचा घातांक वापरतात. साध्या सिमेंटला तो ०.२ आणि ३०% फ्लाय ॲश घातली की ०.४४. दिसायला किरकोळ फरक, पण २८ दिवसांपासून २५ वर्षांपर्यंत हिशोब केला तर साध्या मिक्सचं डिफ्यूजन एक तृतीयांशाच्या आसपास राहतं आणि फ्लाय ॲशवालं जवळपास तेराव्या हिश्श्यावर येतं! म्हणजे तुमच्या उत्तरातली कित्येक वर्षं या एका आकड्यातून येतात, आणि तो सॉफ्टवेअरने टक्केवारीवरून धरलेला असतो, तुमच्या साइटच्या क्युरिंगवरून नाही. म्हणून शक्य असेल तर लॅबमधून बल्क डिफ्यूजन टेस्ट (नमुना मिठाच्या पाण्यात ठेवून क्लोराईड किती आत गेलं ते मोजायची चाचणी) करून स्वतःची व्हॅल्यू टाका, ती सोय दिलेली आहे.

थ्रेशोल्ड, म्हणजे सळईपाशी किती क्लोराईड जमलं की गंज सुरू होतो ती मर्यादा, डिफॉल्ट ०.०५% आहे, आणि ते काँक्रीटच्या वजनाचे टक्के आहेत बरं का, सिमेंटच्या वजनाचे नाहीत, इथे गल्लत झाली तर सगळं उत्तरच चुकतं.

आता खटकणाऱ्या गोष्टी. मॉडेल काँक्रीटला तडे नाहीत असं धरून चालतं, आणि खऱ्या स्ट्रक्चरला तडे असतातच, क्लोराईड तिथूनच आधी आत शिरतं. गंज लागायला सुरुवात झाल्यापासून दुरुस्तीपर्यंतचा काळ साध्या सळईला सरसकट ६ वर्षं आणि इपॉक्सी कोटिंगवाल्याला २० वर्षं, तिथे ओलावा, ऑक्सिजन, सळईचा व्यास कशाचाच विचार नाही, हा भाग मला फारच कच्चा वाटतो.

आणि कव्हर! ड्रॉइंगवर ५० आणि प्रत्यक्षात ४० मिमी निघालं तर डिफ्यूजन स्थिर धरूनही गंज सुरू व्हायचा काळ दोन तृतीयांशाच्या खाली येतो, फ्लाय ॲशच्या मिक्समध्ये तर त्याहूनही कमी. त्यामुळे एकच रन करून ७५ वर्षं आली म्हणून खूश होऊ नका, कव्हर १० मिमी कमी करून, एम थोडा उतरवून परत चालवा, नव्या व्हर्जनमध्ये अनिश्चिततेचा पर्याय आहे तोही लावून बघा. दोन मिक्सची तुलना करायला मात्र याच्याइतकं सोपं टूल मला दुसरं मिळालं नाही, त्या कामासाठी ५ पैकी ४.५, आणि नुसतं आयुष्य सांगायला ३.