फ्लाइट सिम्युलेटरसाठी घेतलेला गेमिंग लॅपटॉप: बारमाही वापरानंतरचा अनुभव

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या वन बीएचके घरात डेस्कटॉपसाठी कायमची जागा काढणे शक्य नव्हते, म्हणून मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४ हा विमान उडवण्याचा संगणकीय खेळ (पुढे नुसते ‘सिम’) चालवण्यासाठी गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर गेमिंग लॅपटॉप घेतला. त्यात इंटेलचा कोअर आय-७ १३६५०एचएक्स प्रोसेसर, एन्व्हिडियाचे ८ जीबी व्हीरॅम (कार्डाची स्वतःची स्मृती) असलेले आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम आणि १ टीबीची एसएसडी होती. पडदा १९२० बाय १२०० रेझोल्यूशनचा आणि १६५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलू शकणारा. आता पुन्हा पावसाळा येऊ घातला आहे. एवढ्या वापरानंतर माझे मत असे झाले आहे की, गोळीबाराच्या खेळांसाठी लॅपटॉप निवडण्याची जी रीत रूढ आहे, तीच सिम्युलेटरला लावली तर पैसे नको तिथे जातात.

दुकानात बोलणे सुरू होते ते ग्राफिक्स कार्डाच्या क्रमांकापासून. ४०६० की ४०७०, एवढ्यावर किमतीत चांगलाच फरक पडतो. परंतु लॅपटॉपमधल्या ४०७० लाही ८ जीबीच व्हीरॅम असते. डेस्कटॉपच्या ४०७० ला ती १२ जीबी आहे, आणि नाव एकच असल्यामुळे ग्राहकाची गल्लत होते. लॅपटॉपमध्ये १२ जीबी हवी असेल, तर ४०८० किंवा नव्या पिढीतल्या ५०७० टीआयपर्यंत जावे लागते आणि तिथे किंमत वेगळ्याच पातळीवर पोचते. व्हीरॅम अपुरी पडल्याचे सिममध्ये लगेच कळते. मुंबई विमानतळावर एअरबस ए३२० उभे करून टेक्श्चर (पृष्ठभागांवरच्या चित्रांचा बारकावा) ‘अल्ट्रा’वर ठेवले, तर फ्रेम, म्हणजे दर सेकंदाला दिसणारी चित्रे, हळूहळू उतरत नाहीत, एकदम कोसळतात, आणि कॅमेरा कॉकपिटमधून बाहेर नेताच दृश्य थिजते. टेक्श्चर एक-दोन पायऱ्या खाली आणले की त्याच जागी सारे सुरळीत चालते. ही मर्यादा ४०७० घेऊनही तिथेच राहिली असती.

क्रमांकापेक्षा विचारण्याजोगी गोष्ट म्हणजे कार्डाला मिळणारी वीज. लॅपटॉपच्या ४०६० साठी एन्व्हिडियाने ३५ ते ११५ वॅटची मुभा उत्पादकांना दिलेली आहे, त्यामुळे सडपातळ लॅपटॉपमधले आणि जाडजूड लॅपटॉपमधले ‘तेच’ कार्ड प्रत्यक्षात तेच नसते. विक्रेत्याला हा आकडा सहसा ठाऊक नसतो. तो उत्पादकाच्या संकेतस्थळावरच्या तपशिलात शोधावा लागतो.

आता प्रोसेसरविषयी, कारण खरी मेख तिथे आहे. सिमच्या डेव्हलपर मोडमध्ये फ्रेम दाखवणारी एक चौकट उघडता येते आणि गाडे कुठे अडले आहे, हे ती सांगते. सिंधुदुर्गच्या चिपी विमानतळावरून सेसना १७२ हे छोटे विमान घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने निघालो, की त्या चौकटीत ‘जीपीयू’, म्हणजे ग्राफिक्स कार्ड, दिसते आणि फ्रेम साठीच्या आसपास राहतात. तोच लॅपटॉप, तीच सेटिंग्ज. पण ए३२० घेऊन ठाण्याच्या खाडीवरून मुंबईच्या धावपट्टी २७ कडे येऊ लागलो की तिथे ‘मेनथ्रेड’, म्हणजे प्रोसेसरचा मुख्य धागा, असे येते आणि फ्रेम तिशीच्या घरात उतरतात. दाट इमारती, इतर विमानांची वर्दळ आणि एअरबसच्या संगणकांची गणिते यांचा मोठा भाग प्रोसेसरच्या एकाच धाग्यावर, म्हणजे एका वेळी एकाच कोअरवर चालणाऱ्या कामाच्या साखळीवर, पडतो. चौदा कोअर (गणिते करणारे भाग) असले तरी त्या एकाची गती आणि कॅशे (प्रोसेसरमधली छोटी, जलद स्मृती) हेच निर्णायक ठरते. अशा वेळी रेझोल्यूशन कमी करून काहीच मिळत नाही. भूप्रदेशाच्या तपशिलाचा, म्हणजे ‘टेरेन लेव्हल ऑफ डिटेल’चा स्लायडर खाली आणणे आणि विमानांची वर्दळ कमी करणे, हेच उपाय लागू पडतात. म्हणून माझा आग्रह असा की, बजेट ठरलेले असेल तर कार्ड एक पायरी खालचे चालेल, पण प्रोसेसर इंटेलच्या एचएक्स, म्हणजे लॅपटॉपसाठीच्या जास्त ताकदीच्या, वर्गातला किंवा त्याच्या तोडीचा एएमडीचा असावा.

रॅमच्या बाबतीत कंपन्या काटकसर करतात आणि ती लपवतातही. माझ्या लॅपटॉपमध्ये १६ जीबीची एकच पट्टी होती, म्हणजे स्मृतीचा एकच मार्ग चालू होता. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या संगणक बाजारातून त्याच गतीची दुसरी पट्टी आणून बसवली. सरासरी फ्रेममध्ये थोडीच वाढ झाली, पण विमान वळवताना बसणारे झटके जवळजवळ गेले, आणि सिममध्ये डोळ्यांना खुपतात ते झटकेच. २०२४ च्या आवृत्तीसाठी शिफारसही ३२ जीबीचीच आहे.

१६५ हर्ट्झच्या पडद्याचे कौतुक मला फारसे नाही. तेवढ्या फ्रेम इथे मिळतच नाहीत. उपयोग झाला तो वेगळ्याच प्रकारे: पडदा १२० हर्ट्झवर आणून फ्रेम चाळीसवर बांधल्या, की प्रत्येक चित्र पडद्यावर बरोबर तीन वेळा उमटते आणि हालचाल एकसंध वाटते. डीएलएसएस, म्हणजे कमी रेझोल्यूशनचे चित्र एआयने मोठे करण्याचे एन्व्हिडियाचे तंत्र, वापरून फ्रेम वाढतात हे खरे, पण एअरबसच्या पडद्यावर उंचीचा आकडा पळू लागला की त्यामागे पुसट सावली ओढली जाते. ढगांत उपकरणांच्या भरवशावर उतरताना मला ती चालत नाही, म्हणून मी डीएलएसएस बंदच ठेवतो.

उन्हाळ्याचा मुद्दा ठाणेकरांसाठी वेगळा लिहायलाच हवा. खोली जितके अंश तापते, साधारण तितकेच अंश प्रोसेसरच्या तापमानात वर चढतात. मे महिन्यात दुपारी एसीशिवाय बसलो तर प्रोसेसर ९५ अंशांपलीकडे जाऊन स्वतःची गती कमी करू लागे, आणि पंखे असे घोंघावत की एटीसीचे (हवाई वाहतूक नियंत्रकाचे) बोलणे हेडफोनशिवाय ऐकू येत नसे. फ्रेम चाळीसवर बांधल्याने इथेही फरक पडला. मागची बाजू थोडी उचलून ठेवली की हवा नीट खेळते. आमच्या भागात बांधकामांची धूळ एवढी आहे की काही महिन्यांतच पंख्यांच्या जाळीवर करडा थर जमला होता. तळाचे झाकण उघडून तो काढल्यावर तापमान पुन्हा पूर्वपदावर आले. हमी चालू असेल, तर झाकण उघडण्याची मुभा आहे का, हे खरेदीपूर्वीच विचारून घ्यावे.

पावसाळ्यात वीज गेली तर बॅटरीमुळे उड्डाण तुटत नाही. मात्र बॅटरीवर कार्डाला पुरेशी वीज मिळत नाही आणि फ्रेम निम्म्याच्याही खाली जातात. लँडिंग उरकण्यापुरते ते चालते. पण २०२४ ची आवृत्ती भूप्रदेश आणि विमानांची बरीच माहिती उड्डाण चालू असतानाच इंटरनेटवरून ओढून घेते, त्यामुळे राउटर बंद पडला की खालची जमीन धुरकट होऊ लागते. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस मी त्याच पावसाळ्यात घेतला.