खरी व्हाउचर्स, रद्द बुकिंग: जपानच्या हिवाळी सहलीत झालेली फसवणूक

जानेवारी-फेब्रुवारीतल्या जपान सहलीच्या कार्यक्रमात कोणी कामिकोचीची दरी किंवा तातेयामा डोंगरातली बर्फाची भिंत लिहून दिली असेल, तर त्या माणसाला एक रुपयाही देऊ नका. कामिकोचीचा रस्ता नोव्हेंबरच्या मध्याला गाड्यांसाठी बंद होतो, तो थेट एप्रिलच्या मध्याला उघडतो. तातेयामाचा डोंगरी मार्गही डिसेंबरपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत बंद असतो. बर्फ कापून केलेल्या त्या उंच भिंतींमधून चालायला मिळतं ते एप्रिल ते जूनमध्ये. आम्हाला जानेवारी २०२५च्या सहलीसाठी आलेल्या पीडीएफमध्ये ही दोन्ही ठिकाणं फोटोंसकट होती. "काकू, तुम्ही फक्त गरम कपडे भरा, बाकी सगळं आमच्यावर सोडा," असं सहल कंपनीचे मालक आईला म्हणाले होते. कंपनी पुण्यातली आहे. प्रकरण ग्राहक आयोगात असल्यामुळे नाव लिहीत नाही, पण त्यांनी काय काय केलं ते सगळं सांगते.

आम्ही आठ जण होतो. मी, आई, मावशी, बहीण, तिचा नवरा आणि मुलगी, शिवाय बहिणीच्या ऑफिसातलं एक जोडपं. विमानाचं तिकीट सोडून माणशी २ लाख ८५ हजार रुपये ठरले. त्यात ओकुहिदा या डोंगराळ भागातल्या रयोकानमध्ये (जपानी पद्धतीच्या सरायीत) दोन वेळच्या जेवणासह मुक्काम, बर्फात उघड्यावरचं गरम पाण्याचं कुंड, शिबु ओनसेन या गरम झऱ्यांच्या गावात एक रात्र, शिराकावा-गो या जुन्या गावाची रात्रीची रोषणाई आणि सरकारी परवाना असलेला मराठी गाईड. आईचे गुडघे दुखतात. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांवर ती लहानपणापासून जात आली आहे, त्यामुळे सगळ्या सहलीत तिला ओढ होती ती त्या पाण्याची.

आता मेख ऐका. रयोकानची व्हाउचर्स खरी होती. बहिणीने ऑक्टोबरमध्ये ओकुहिदाच्या रयोकानला स्वतः ईमेल केला आणि आमच्या नावाने खोल्या आहेत असं दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. त्या उत्तरावर विसंबून आम्ही उरलेली रक्कम भरली. तिकडे बऱ्याच रयोकानांत ठरावीक मुदतीपर्यंत बुकिंग फुकट रद्द करता येतं. ही मुदत जागेगणिक वेगळी असते. ती संपली की मात्र पैसे कापतात, अगदी शेवटच्या दिवशी तर पूर्ण भाडं जातं. आमच्या एजंटाने खोल्या धरल्या, व्हाउचर पाठवलं, आम्हाला खात्री करू दिली, पैसे हातात आल्यावर नोव्हेंबरअखेर सगळं रद्द करून टाकलं. त्याचा एक येनही गेला नाही. हे आम्हाला परत आल्यावर रयोकाननेच कळवलं, तारखेसकट. म्हणून बुकिंगची खात्री दोनदा करा. दुसरी वेळ निघण्याच्या दोन-तीन दिवस आधीची, फुकट रद्द करायची मुदत उलटून गेल्यावरची. त्या लोकांना सोप्या इंग्रजीत चार ओळी लिहिल्या तरी ते नीट उत्तर देतात.

ताकायामाला पोहोचलो त्या संध्याकाळी एजंटाचा फोन आला. "ताई, हिरायूचा रस्ता बर्फाने बंद झालाय, रयोकानवाल्यांनीच बुकिंग कॅन्सल केलंय, तुमची सोय मी इथेच केली आहे." हिरायू हे ओकुहिदातलंच गाव. सोय म्हणजे ताकायामा स्टेशनजवळचं बिझनेस हॉटेल, जेवण आपलं आपण. बर्फ पडत होता, त्यामुळे आई-मावशींना ते पटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टेशनला लागून असलेल्या बस स्थानकावर गेले. फलाटावर हिरायूची बस उभी होती. टपावर वीतभर बर्फ, चाकांना हिवाळी टायर, आणि ड्रायव्हर प्रवाशांच्या बॅगा पोटात ढकलत होता. खिडकीवरच्या बाईंना मी मोबाइलवर भाषांतर करून विचारलं, काल संध्याकाळी रस्ता बंद होता का? त्यांनी वेळापत्रकावर बोट ठेवून दाखवलं, कालची शेवटची बससुद्धा वेळेवर गेली होती. ती बस बाराही महिने जाते. पुढे मात्सुमोतोच्या बाजूचा रस्ताही १९९७ साली आबो बोगदा झाल्यापासून हिवाळ्यात चालू असतो. मी बस स्थानकाच्या पाटीचा, वेळेसकट दिसेल असा फोटो काढून ठेवला. आज तक्रारीत तो सगळ्यात उपयोगी पुरावा ठरतो आहे.

आईची समजूत घालायला गाईडने हॉटेलच्या न्हाणीघराला ओनसेन, म्हणजे नैसर्गिक गरम पाण्याचं कुंड, म्हणून दाखवलं. जपानमध्ये ओनसेन कशाला म्हणायचं याचा १९४८चा कायदा आहे. जमिनीतून निघतानाच पाणी किमान २५ अंश सेल्सिअस हवं, किंवा त्यात ठरवून दिलेल्या खनिजांपैकी काही तरी ठरलेल्या प्रमाणात हवं. अशा जागी पाण्याच्या तपासणीचा तक्ता लावावा लागतो. २००४ साली नागानोतल्या शिराहोने ओनसेनमध्ये पाणी दुधाळ दिसावं म्हणून पावडर मिसळत असल्याचं उघडकीस आलं. त्यानंतर पाणी तापवलंय का, त्यात साधं पाणी किंवा आणखी काही घातलंय का, तेच पाणी फिरवतात का, हेही लिहिणं बंधनकारक झालं. आमच्या हॉटेलात भिंतीवर फक्त आंघोळीचे नियम होते. नळाचं पाणी तापवलेलं होतं. काउंटरवरच्या मुलीने तसं सरळ सांगितलं, तिने काहीच लपवलं नाही.

शिबुतही तेच झालं. तिथे गावाची नऊ जुनी न्हाणीघरं आहेत, त्यांची किल्ली गावातल्या सरायांत मुक्कामाला असलेल्यांना मिळते. आमचा मुक्काम नागानो शहरात हलवला होता, त्यामुळे आई टॉवेल हातात घेऊन बंद लाकडी दारांसमोरून फिरली. ते आठवलं की मला अजून संताप येतो. शिराकावा-गोला रोषणाईच्या मोजक्या संध्याकाळी आधी बुकिंग असल्याशिवाय जाता येत नाही. आम्हाला दुपारी नेलं आणि अंधार पडायच्या आत बाहेर काढलं. गाव अप्रतिम आहे, गुडघाभर बर्फात उभी असलेली ती उंच गवती छपरं डोळ्यांचं पारणं फेडतात, पण पैसे घेतले होते रोषणाईचे.

गाडीबद्दल सगळ्यात कळकळीने सांगते, कारण इथे प्रश्न जिवाचा होता. परवानाधारक गाईड म्हणून आलेला मुलगा जपानमध्ये शिकायला गेलेला विद्यार्थी निघाला. तोच गाडीही चालवत होता. जपानमध्ये भाड्याने प्रवासी नेणाऱ्या गाडीची नंबरप्लेट हिरवी असते, अक्षरं पांढरी. आमच्या व्हॅनची पाटी पांढरी होती आणि तिच्यावर 'वा' हे जपानी अक्षर होतं. ते सेल्फ-ड्राइव्हला दिलेल्या गाड्यांवर असतं. अशा गाडीतून पैसे घेऊन लोकांना नेणं तिथे बेकायदा आहे. घाटात, बर्फावर काही झालं असतं तर विम्याचे पैसे मिळाले असते की नाही कोण जाणे. त्या मुलाला मी दोष देत नाही. "मावशी, मला दिवसाचे पैसे ठरवून बोलावलंय, बाकी मला काही माहीत नाही," हे त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं. विद्यार्थ्यांना तिथे आठवड्याला २८ तासांपेक्षा जास्त काम करायला मनाई आहे. एजंटाने त्यालाही अडचणीत टाकलं होतं. विमानतळावर गाडी समोर आली की आधी पाटीचा रंग बघा, आणि पांढरी असेल तर बसू नका.

पैशांची लबाडी मागाहून कळली. पावतीत ५ टक्के जीएसटी आणि ५ टक्के टीसीएस (सहल विकणाऱ्याने आपल्याकडून घेऊन सरकारात भरायचा आयकर) वेगळा दाखवला होता. परदेशी सहलीच्या पॅकेजवर तेव्हा सात लाखांपर्यंत टीसीएसचा तोच दर होता. टीसीएसचे पैसे आमच्या पॅनवर जमा व्हायला हवे होते आणि फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे आपल्या नावावर जमा झालेल्या करांच्या आयकर खात्याच्या पत्रकात, दिसायला हवे होते. आमच्यापैकी एकाच्याही २६एएसमध्ये नोंद नाही. पावतीवरचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकला तर भलत्याच व्यवसायाचं नाव आलं. हा क्रमांक पहिला हप्ता देण्याआधीच तपासता येतो, दोन मिनिटंही लागत नाहीत.

परत आल्यावर एजंटाचं एकच पालुपद होतं, हवामान आमच्या हातात नाही. आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, त्याने त्यांनाही दाद दिली नाही. मग जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलो. २०१९च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि आपण मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. रयोकानचे दोन्ही ईमेल, बस स्थानकाचा फोटो, व्हॅनच्या पाटीचा फोटो आणि २६एएस असं सगळं जोडलं आहे. हवामानाचं कारण रयोकानच्या दुसऱ्या ईमेलपुढे टिकत नाही, कारण बुकिंग रद्द झालं नोव्हेंबरात आणि एजंट सांगतो तो बर्फ जानेवारीतला. एकाच कंपनीने फसवलेल्या ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रारही करता येते. पुण्यातून त्याच हिवाळ्यात असंच पॅकेज घेऊन गेलेल्या कोणाला ऐन वेळी "रस्ता बंद आहे" असं सांगितलं गेलं असेल, तर त्यांनी आपल्या रयोकानला आजच ईमेल करून बुकिंग कधी आणि कोणी रद्द केलं ते विचारावं, आणि आलेलं उत्तर जपून ठेवावं.