शॉर्टस्टॉपसाठी घेतलेला साडेअकरा इंची ग्लोव्ह

दारव्हा तालुक्यातील आमच्या शाळेच्या बेसबॉल संघासाठी हा चामडी ग्लोव्ह अमरावतीच्या एका दुकानातून मागवला. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या दरम्यान उभ्या राहणाऱ्या शॉर्टस्टॉप या क्षेत्ररक्षकाला चेंडू अडवताक्षणी पहिल्या बेसकडे फेकायचा असल्याने ग्लोव्हचा खिसा, म्हणजे चेंडू विसावण्याची खोलगट जागा, उथळ हवा, आणि तो येथे नेमका तसाच आहे. उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या मातीवर चेंडू कसाही उसळला तरी तो आत अडकून बसत नाही, चटकन उजव्या हातात येतो. १९८० ते १९९२ अशी सलग १३ वर्षे उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लोव्ह पुरस्कार मिळवणाऱ्या अमेरिकी शॉर्टस्टॉप ओझी स्मिथची कारकीर्द मुख्यतः अशाच चपळ क्षेत्ररक्षणावर उभी राहिली. मनगटाजवळची वादी मात्र फार लवकर सैल पडली, आणि ती बदलून देण्यास दुकानदाराने सपशेल नकार दिला. एवढी किंमत मोजल्यावर हे खटकतेच.